चांद्याच्या काकू

दोरीवर वाळत घातलेले कपडे बघून चांद्याच्या काकू त्या घरात काय चाललंय ते सांगायच्या. "ह्या घरचा माणूस रातपाळीले जाते अन् बाईबी कामाले जाते. पाय न, पाऊस येऊन गेला तरी कपडे दोरीवरच हायेत." "इथं पोरगं शिकाले परगावी गेलं." "हे नवीन लगन हाय." मी हातातल्या टॅबलेटवर त्या घराची माहिती उघडून बघायची आणि बहुतेक वेळा काकू बरोबर निघायच्या. मला आनंद व्हायला हवा होता. व्हायचा नाही. जळफळाट व्हायचा.

त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी तो जळफळाटच आठवतो. प्रेम नंतर, जरा उशिराने येतं. क्रम उलटा करून लिहिता आलं असतं, पण काकू असत्या तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात राहतो. नवरा मंदार सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी पुण्यात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. इथे आल्यावर चार वर्षं मी कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी आई होते. पॉटलक आला की कोथिंबीरवडी करणारी होते. मग एका संस्थेत मला तात्पुरती नोकरी मिळाली. उत्तरेला, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीच्या अलीकडे, जस्ताच्या खाणीवर जगणारं एक शहर आहे. त्या शहराची आर्थिक आणि सामाजिक रूपरेखा तयार करायची होती. कोण काय करतं, कोण कुठून आलं, खाण बंद पडली तर किती घरं हलतील, असं सगळं. शहराचं नाव अहवालात होतं, इथे मात्र लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं अजून तिथेच राहतात. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून गाडी चालवत निघाले तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा मला माझं पूर्ण नाव असल्यासारखं वाटलं होतं.

काकू मला तिसऱ्या दिवशी भेटल्या. एका घराच्या पायरीवर उभी राहून मी मंदारशी फोनवर मराठीत बोलत होते, तर शेजारच्या अंगणातून आवाज आला, "मराठी हाय का वं बाई तू?" सुती पातळ, त्यावर मुलाचं जाड जॅकेट, पायात लोकरीचे मोजे आणि चपला. मी मान हलवली, तर पुढचा प्रश्न, "जेवली?" मी म्हटलं, मी कामावर आहे. "थे दिसलं मले. जेवली का म्हणून इचारून राहिली."

त्यांचा मुलगा अमोल झाडे त्या खाणीत इंजिनिअर होता, एकटाच राहायचा. काकूंचे यजमान चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत सरदार होते, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीची जबाबदारी त्यांच्यावर असायची. ते गेल्यावर अमोलने आईला व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. काकू चंद्रपूरला 'चांदा' म्हणायच्या, जुन्या लोकांसारखं. माझी मुलगी इरा त्यांना 'चांदाआजी' म्हणायला लागली आणि मग आम्ही सगळेच त्यांना चांद्याच्या काकू म्हणू लागलो.

विमानातून उतरून जेमतेम दोन आठवडे झालेल्या या बाईला ते शहर अनोळखी वाटतच नव्हतं. "आमची कॉलनीच हाय ही," त्या म्हणायच्या. "फक्त ऊन नाही अन् कोळसा नाही." दुपारी ठरावीक वेळेला जमिनीखाली सुरुंग उडायचा आणि घराघरातल्या बशा किणकिणायच्या. मी पहिल्यांदा दचकले. काकू भाजी चिरत होत्या, त्यांचा हातही थांबला नाही. मुख्य रस्त्यावरून चालताना त्या मला दाखवत जायच्या. हे सट्ट्याचं दुकान खाणीच्या पगाराच्या दिवशी भरतं. हा न्हावी पोलंडचा आहे, त्याच्याकडे पहिल्या पाळीची माणसं येतात. त्या ब्राझीलच्या बाईचं किराणा दुकान चालतं, कारण मांसाच्या कारखान्यात तिच्या गावचे लोक आहेत, खाणीत नाहीत. "खाण बंद पडली तरी हिचं दुकान चालू राहीन," त्या म्हणाल्या. हेच वाक्य शोधायला मी पदवी घेतली होती. ते त्यांनी कांद्याची पिशवी या हातातून त्या हातात घेता घेता सांगून टाकलं.

माझी पद्धत अशी होती की दार वाजवायचं, हसायचं, ओळखपत्र दाखवायचं, प्रश्न विचारायचे. घरची परिस्थिती कशी आहे? कामाबद्दल समाधानी आहात का? उत्तर ठरलेलं. "ग्रँड." सगळं ग्रँड. नवऱ्याची नोकरी ग्रँड, गुडघे ग्रँड, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला तेही ग्रँड. मी 'समाधानी' वर खूण करून पुढच्या घरी जायची. एकदा काकूंनी विचारलं, हे ग्रँड ग्रँड काय आहे? मी म्हटलं, उत्तम, छान.

"नाही वं," काकू म्हणाल्या. "थे 'ठीक हाय' हाय. आमच्या कॉलनीत बाई 'ठीक हाय' म्हणे न, तं मी चहा ठेवू. ठीक हाय म्हणजे दुखून राहिलं, पण दारात उभं राहून तुले सांगणार नाही."

आतल्या गोष्टी ऐकायला आत जावं लागतं, आणि काकूंना आत घेत. मला घेत नसत. शेजारची नोरीन सत्तरीची, विधवा, तिचा नवरा आयुष्यभर त्याच खाणीत होता. मी तिच्या दारात तीनदा गेले. तिन्ही वेळा ती दाराला हात धरून उभी होती, हसतमुख, आणि मी पायरीवर. एका दुपारी मी चौथ्यांदा गेले तर दार उघडं. आत स्वयंपाकघरात काकू नोरीनचं प्रेस उघडून उभ्या होत्या. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, तोही शब्द मला काकूंकडून कळला. त्या एकेक डबा काढून वास घेत होत्या. नोरीन टेबलाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. काकूंना येत असलेलं इंग्रजी म्हणजे टी, रेन, सन, नो, आणि गुड वुमन. नोरीनला मराठी शून्य. दोघींचं नवऱ्यांबद्दल बोलणं चाललं होतं. खाणीतून आलेला माणूस आधी आंघोळ करतो का आधी जेवतो, यावर. मी दारात उभी राहून 'नमस्कार' म्हटलं आणि दोघी एकदम गप्प झाल्या. मला शाळेतल्या इन्स्पेक्टरबाईसारखं वाटलं.

पण खरा घाव इराने घातला. इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही आयरिश हेल काढून. रविवारची मराठी शाळा, आजीआजोबांचे व्हिडिओ कॉल, मी लावलेले पाढे, सगळं करून झालं होतं. शनिवारी कधी कधी मी तिला बरोबर न्यायची आणि काकूंकडे सोडून कामाला जायची. काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून इराला बोलावंच लागे. महिन्याभराने एका संध्याकाळी गाडीत बसताना मी तिच्यावर कशावरून तरी ओरडले, तर मागच्या सीटवरून शांतपणे आवाज आला, "आई, तू काहून चिडून राहिली?"

मंदारला मी हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. त्याने ते सगळ्या ग्रुपवर पाठवलं. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मुलीने मराठी बोलावं म्हणून चार वर्षं मी धडपडत होते, ती बोलली, आणि ते मराठी माझं नव्हतं.

जूनमध्ये जस्ताचा भाव पडला आणि खाणीने काम थांबवलं. कायमचं नाही, काही काळापुरतं, असं पत्र आलं. अमोलसारखे मोजके लोक पाण्याचे पंप सांभाळायला ठेवले, बाकीचे घरी. दुपारी बशा किणकिणायच्या थांबल्या. माझ्या वरिष्ठांचा फोन आला, सर्वेक्षण आता फार महत्त्वाचं झालंय. मी, खोटं कशाला बोलू, जराशी उत्साहातच होते.

काकूंनी मात्र त्या दिवसापासून बसणं सोडलं. "माणूस घरी बसला का बाईले तीन पाळ्या होतात," त्या म्हणायच्या. त्यांच्या कॉलनीत संप झाला होता, तेव्हाचं त्यांना आठवत होतं. संपात पैशाआधी माणसाची झोप जाते, मग दाढी जाते, मग तो बाहेर यायचा बंद होतो, असं त्यांनी मला क्रमाने सांगितलं. रोज सकाळी त्या घरांच्या मागच्या बोळातून चक्कर मारायच्या. आधी दोऱ्यांवर कामाचे केशरी डगले फडफडायचे, आता ते दिसेनासे झाले होते. काकू दोऱ्या बघत जायच्या आणि मी त्यांच्या मागून टॅबलेट घेऊन.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "मेधा, त्या हिरव्या दाराच्या घराचं काय लिहिलं तू?"

मी बघितलं. "घर बंद. तीनदा गेले होते."

"बंद नाही थे. दहा दिवसांपासून दोरीवर एकच टॉवेल हाय. ओला होते, वाळते, परत ओला होते. माणूस कुठी गेला असता तं टॉवेल काढून गेला असता."

त्या घरात डेक्लन नावाचा माणूस राहायचा. चाळिशीचा, एकटा, खाणीत खडकाला भोकं पाडणारं यंत्र चालवणारा. काकूंनी घरून डब्यात गरम खिचडी घेतली आणि आम्ही त्याच्या दाराशी गेलो. बेल वाजवली. काही नाही. दार ठोठावलं. काही नाही. मी म्हटलं, चला काकू. त्या पायरीवर बसल्या, डबा शेजारी ठेवला, आणि पत्रं टाकायच्या फटीतून आत बोलायला लागल्या. वऱ्हाडीत. "अरे बाबू, मी अमोलची आई. दार उघड. खिचडी थंडी होऊन राहिली. नको बोलू, नुसतं दार उघड."

बारीक पाऊस सुरू झाला. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. मला कानकोंडं झालं. मी म्हटलं, "काकू, इथे असं करत नाहीत. माणसाची प्रायव्हसी असते. मला कामावरून काढतील."

"तं जा न, गाडीत बस," काकू म्हणाल्या. रागाने नाही, पाऊस लागतोय म्हणून सांगावं तसं.

आणि मी गेले. गाडीत जाऊन बसले. काच वर केली. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि त्यातून मला पायरीवर बसलेली ती जॅकेटातली पाठमोरी बाई दिसत होती, फटीला तोंड लावून बोलणारी. पाऊण तास तरी झाला असेल. मग दार उघडलं. थोडंसंच. काकू उठल्या, डबा घेतला आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी मला हाताने बोलावलं. "नोरीनले बोलाव. अन् डॉक्टरले फोन कर. आत्ता." आत त्यांनी काय बघितलं ते त्यांनी मला कधीच पूर्ण सांगितलं नाही. इतकंच म्हणाल्या, "आपण उद्या आलो असतो न, तं उशीर झाला असता." नोरीन आली, डॉक्टर आले, संध्याकाळी डेक्लनची बहीण नास गावाहून आली आणि त्याला आपल्याकडे घेऊन गेली. पुढे तो बरा झाला, परत आला.

त्या वेळी मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. गाडीत बसल्याबद्दल लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं ते हे: मी तीनदा गेले, तेव्हा हे दार का नाही उघडलं?

काकू जुलैत परत गेल्या. मी त्या हिवाळ्यात अहवाल लिहिला. कोष्टकं भरपूर होती, पण वाचणाऱ्याला त्यातून ते शहर दिसत नव्हतं. म्हणून मी एक परिच्छेद लिहिला, दोऱ्यांचा. खाण चालू असताना दोरीवर काय दिसतं, थांबल्यावर काय नाहीसं होतं, आणि एकाच टॉवेलाचा अर्थ काय असू शकतो. सुरुवातीला लिहिलं होतं, 'एका पाहुण्या महिलेच्या निरीक्षणानुसार'. दोनदा वाचलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'सर्वेक्षणादरम्यान असे दिसून आले की'. दिसून आलं. कोणाला दिसलं ते सांगायची गरज नसलेलं वाक्य. विद्यार्थ्यांच्या पेपरात असं वाक्य आलं की मी लाल रेघ मारायची.

पुढच्या उन्हाळ्यात काकू पुन्हा तीन महिन्यांसाठी आल्या. खाण तोवर सुरू झाली होती. मे महिन्यात तिथल्या सभागृहात अहवालाचं जाहीर वाचन ठरलं. मी नवा कोट घेतला होता. पडद्यावर माझा दोऱ्यांचा परिच्छेद मोठ्या अक्षरांत आला आणि कौन्सिलचे एक अधिकारी म्हणाले, आकड्यांच्या पलीकडे बघणारी अशी नजर दुर्मीळ असते. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत काकू आणि नोरीन बसल्या होत्या. काकूंना इंग्रजी कळत नव्हतं, पण सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत हे कळत होतं. त्या हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होत्या. नोरीनचे हात मांडीवरच होते.

बाहेर चहाच्या टेबलाशी ती माझ्याजवळ आली. "ते तिचं होतं," ती म्हणाली. आवाज खालचाच.

मी म्हटलं, हो, म्हणजे, पुढच्या आवृत्तीत नाव घालायचा विचार आहे.

"ग्रँड," नोरीन म्हणाली आणि कप घेऊन निघून गेली. एव्हाना मला त्या शब्दाचा अर्थ कळत होता.

काकूंना कोणी सांगितलं का? अमोलने सांगितलं असावं, त्याने अहवाल वाचला होता. जुलैत त्या निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. त्या बॅगेत अमोलच्या मित्रांसाठी चॉकलेटं भरत होत्या, तिच्यावर बसून चेन लावायचा प्रयत्न चालला होता. मी बॅगेवर बसले, त्यांनी चेन ओढली. आणि ओढता ओढताच म्हणाल्या, "खरं सांगू का मेधा? मले तुया लई जळफळाट व्हाये."

त्या चेन ओढतच होत्या.

"तू कागद घेऊन दारोदारी फिरे न, मले वाटे, हे काम माहं होतं. मी सातवीपर्यंत शिकली. बापानं शाळा सोडवली, लगन लावून देल्लं. शिकली असती तं मीच गेली असती अशी, गळ्यात कार्ड घालून. तू दार वाजवून परत आली का मले बरं वाटे. वाटे, पाय, हिलेबी नाही जमलं." आणि त्या मोठ्याने हसल्या. "पाप लागीन मले. पण सांगून टाकलं. आता हलकं वाटून राहिलं."

किती सोपं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, काकू, मलाही. मी बॅगेवर बसले होते, आमची तोंडं हातभर अंतरावर होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. अहवालाचं सांगायचं होतं, इराचं सांगायचं होतं, गाडीच्या काचेचं सांगायचं होतं. मी म्हणाले, "काहीतरीच काय काकू." आणि चेन लागली का ते बघायला वाकले. मनात आलं, हेही हिनेच आधी केलं. कबूल करण्यातही माझा नंबर दुसरा.

त्याच डिसेंबरात चंद्रपूरला अमोलचं लग्न झालं. आम्हाला आमंत्रण होतं, काकूंनी स्वतः फोन करून तीनदा सांगितलं. मी इराच्या शाळेचं कारण दिलं. शाळेला तेव्हा नाताळची सुट्टी होती. गेली कोण, तर नोरीन. स्पेनपलीकडे कधी न गेलेली नोरीन डब्लिनहून दुबई, दुबईहून नागपूर आणि तिथून गाडीने कॉलनीत जाऊन पोचली. अमोलने फोटो पाठवला. अंगणात बाजेवर दोघी बसलेल्या, मधे उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट, मागे राखेच्या रंगाचं आकाश. नोरीनच्या अंगावर काकूंची शाल होती. मी तो फोटो इतक्यांदा मोठा करून बघितला की शेंगा मोजता आल्या असत्या.

पुढच्या सप्टेंबरात काकू गेल्या. छातीत दुखलं, नागपूरला नेईपर्यंत संपलं. मला हे नोरीनच्या फोनवरून कळलं. अमोलने विमानतळावर जाताना आधी तिला सांगितलं होतं. मी त्या वेळी ऑफिसात होते. खुर्चीत बसून राहिले, डोळ्यांना धार लागली होती, आणि त्या रडण्याच्या आत कुठेतरी एक चिवट प्रश्न तसाच बसला होता: तिला आधी का?

नोव्हेंबरात त्या भागातल्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येकासाठी मेणबत्ती लावतात. नोरीनने फादरना सांगून काकूंचं नाव यादीत घातलं. आदल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. "फादरना नाव नीट उच्चारता यायला हवं. मी त्यांना शिकवतेय. आधी मी तुला म्हणून दाखवते, बरोबर आहे का सांग." तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग सावकाश, एकेक अक्षर ठेवत, ती म्हणाली, "सुमित्रा झाडे."

झाडे माहीत होतं, अमोलचं आडनाव म्हणून. सुमित्रा मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या प्रश्नावलीत पहिलाच रकाना नावाचा होता. त्या शहरात मी शेकडो माणसांना त्यांचं नाव विचारलं होतं.

"बरोबर आहे का?" नोरीनने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "बरोबर आहे."

रविवारी सकाळी अकराला आम्ही गेलो. इराही होती. फादरनी ओळीने नावं वाचली, मर्फी, ओ'रायली, मॅककेब, आणि मग जरा थांबून, "सुमित्रा झाडे." अगदी स्वच्छ. मेणबत्ती लावायला नोरीन उठली. अर्ध्या वाटेत ती थांबली, मागे वळली आणि इराला हाताने बोलावलं. इरा गेली. मी बाकावरच होते.

नंतर नोरीनने आम्हाला घरी नेलं. या वेळी मी पायरीवर थांबले नाही, ती दार उघडं टाकूनच आत गेली होती. तिने चहा ठेवला. इरा बाहेर नोरीनच्या कुत्र्याशी खेळत होती. मी त्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी, कपाकडे बघत म्हणाले, "मी तिच्यावर जळायचे. सगळा वेळ. आता, चर्चमध्येसुद्धा."

नोरीनने दुधाचा जग माझ्याकडे सरकवला. "शुअर, निम्मी गल्ली जळायची," ती म्हणाली. "माझी सख्खी बहीण माझ्याशी तीन महिने बोलत नव्हती, माहितीये? मी तुमच्या चांद्याला गेले आणि तिच्याबरोबर लूर्दच्या यात्रेला गेले नाही म्हणून." मग तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ आम्ही तशाच होतो. चहा फार कडक झाला.

सोमवारी मी ऑफिसला मेल लिहिली. अहवालाच्या वेबसाइटवरच्या प्रतीत दुरुस्ती हवी आहे. दोऱ्यांविषयीचं निरीक्षण माझं नसून सुमित्रा झाडे यांचं आहे. तसा उल्लेख मी हेतुपुरस्सर गाळला होता. 'हेतुपुरस्सर' हा शब्द दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. दुपारी उत्तर आलं. वरिष्ठ नाराज होते, पण सभ्यपणे. दुरुस्ती करू, असं म्हणाले. फक्त आमच्या पद्धतीप्रमाणे नावापुढे त्या व्यक्तीचं काम लिहावं लागतं, तर या बाई काय होत्या?

गृहिणी लिहिता आलं असतं. रहिवासीही नाही, तीन-तीन महिन्यांची पाहुणी. शेवटी 'सर्वेक्षक' असं टाइप केलं. त्या पानावर माझ्या नावापुढेही तोच शब्द होता. क्षणभर वाटलं, त्यांच्यासाठी दुसरा एखादा शोधावा, जरासा लहान. मग तसंच पाठवून दिलं.